पहिला मांडव आपल्याच घरी

या अंकाच्या संपादकांचा फोन आला, "बदलत्या काळात तुमचं केंद्र कसं टिकून राहिलं, त्यावर काहीतरी लिहा." मी म्हटलं, शिव्या खाऊन टिकलं. ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. थट्टा नव्हती. शिव्या कोणाकडून आणि कधी खायच्या याची आमच्याकडे एक रीत होती, आणि त्या रितीवर आमची भाकरी चालली. तेवढंच सांगतो.

मी कारंजा घाडग्याच्या एका बिछायत केंद्रात उभी हयात काढली. पुण्या-मुंबईकडे ज्याला मंडप डेकोरेटर म्हणतात, ते आमच्याकडे बिछायत केंद्र. सतरंज्या, गाद्या, लोड, कनाती, मांडवाचे बांबू, कढया, आणि एखादं माणूस आत बसून आंघोळ करील एवढे मोठाले गंज, हे सगळं भाड्यानं द्यायचं, नेऊन लावून द्यायचं आणि कार्य झालं की उचलून आणायचं. उचलून आणताना दुसऱ्याचंही बरंच काही येतं. शेजारणीचा झारा येतो, नवरदेवाच्या मामाची टोपी येते. एकदा गाद्यांच्या थप्पीत मांजरीची पिल्लं आली होती, आणि त्यांचे डोळे उघडेपर्यंत बाबूजींनी ती थप्पी कुठल्याच लग्नाला जाऊ दिली नाही.

आमचा ट्रक दारात लागला की गावाला कळतं, या घरी काहीतरी आहे. काय आहे ते कापडावरून कळतं. लग्नाला लाल-पिवळं, तेरवीला, म्हणजे तेराव्याला, पांढरं. आणखी एक फरक आहे, तो बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. लग्नघरून सामान घेऊन निघालो की घरचे दहा वेळा म्हणतात, "येजा बाप्पा, येजा," म्हणजे पुन्हा या. तेरवीच्या घरून निघताना कोणी 'येजा' म्हणत नाही. पाहुण्यालाही नाही आणि बिछायतवाल्यालाही नाही. दुःखाच्या दारी परत बोलवायचं नसतं. आपण मुकाट्यानं दोर गुंडाळायचा, मान हलवायची आणि चालू लागायचं. 

बाबूजी म्हणजे आमचे मालक. मी त्यांच्याकडे देखरेखीला होतो. कुठल्या गावाला काय जायचं, कोणी जायचं, ते बघायचं. पण माझं खरं काम वेगळं होतं. नवीन काही दिसलं की आधी 'नाही' म्हणायचं. स्वभावच तसा. बाबूजींना तो उपयोगी वाटायचा. नागपूरला काही नवीन वस्तू बघून आले की पहिले मलाच विचारायचे, "पुंडलिक, नाही काऊन म्हनतं ते सांग." मी कारणं सांगायचो, ते नीट ऐकायचे, आणि मग वस्तू आणायचेच.

आणली तरी ती गिऱ्हाइकाकडे जायची नाही. पहिल्यांदा ती आमच्यापैकी कोणाच्या तरी घरच्या कार्यात लागायची, फुकट. ही बाबूजींची रीत. ते म्हणायचे, "लोकायच्या घरचं लगन एकदाच होते. तिथं आपन शिकाचं नसते."

"आमच्या घरचं बी एकदाच होते न, बाबूजी!"

"होते न. पन तुम्ही मले शिव्या देऊ शकता."

कार्य आटोपलं, सामान केंद्रात परत आलं, की गुंडाळलेल्या सतरंज्यांवर सगळ्यांनी बसायचं. चहा यायचा आणि बाबूजी विचारायचे, "काय चुकलं?" प्रत्येकानं एक तरी चूक सांगायची. 'काहीच नाही चुकलं' असं म्हणायची परवानगी नव्हती. ज्याच्या घरचं कार्य असेल त्यानं तर पोटभर बोलायचं. बाबूजी मान खाली घालून ऐकायचे. मालक असून इतकं ऐकून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

प्लास्टिकच्या खुर्च्या माझ्या लग्नात पहिल्यांदा लागल्या. त्याआधी सारं गाव सतरंजीवर बसायचं. वऱ्हाडातली म्हातारी माणसं खुर्च्यांकडे बघून कडेला जमिनीवरच बसली आणि खुर्च्यांवर पोट्टे चढले. माझे सासरे अंगानं भारदस्त. त्यांना मानानं पुढच्या खुर्चीत बसवलं, आणि मंगलाष्टकं चालू असताना त्या खुर्चीचे चारही पाय हळूहळू चार दिशांना गेले. सासरे बसल्या बसल्या सारवलेल्या अंगणात टेकले. मी अंतरपाटाच्या अलीकडून ते बघत होतो आणि मला हसता येत नव्हतं. बाबूजींनी त्या सगळ्या खुर्च्या परत करून जाड पायांच्या, हातवाल्या आणल्या. माझ्या सासऱ्यांमुळे कारंज्याला धड खुर्च्या मिळाल्या, असं मी अजून सांगतो. सासरे होते तोवर त्यांना ते आवडायचं नाही.

बफे मात्र सोमाजीच्या घरी लागला, आणि तिथं हसण्यासारखं काही नव्हतं.

सोमाजी आमचा मांडव बांधणारा. गोंड माणूस, जंगलाकडच्या गावातला, माझ्याच वयाचा. घरी त्यांची स्वतःची बोली. मांडवावर चढला आणि एखादी गाठ बसेना की तो त्या बोलीत तिच्याशी बोलायचा. काय बोलतो ते आम्हाला कळायचं नाही, पण गाठ बसायची. त्याच्या कमरेला नेहमी खड्यांची एक पिशवी असे, नदीतले गुळगुळीत खडे. छताचं कापड ताणून बांधायचं तर कोपऱ्याला भोक पाडावं लागतं, मग ते तिथून फाटत जातं. सोमाजी कोपऱ्यात खडा ठेवायचा, भोवती कापड वळायचा आणि त्याच्या मानेला सुतळी आवळायचा. कापडाला इजा नाही आणि वाऱ्यानं सुटणं नाही.

त्याच्या पोरीच्या लग्नात बाबूजींनी पहिल्यांदा टेबलं मांडली. ज्यानं त्यानं ताट घ्यायचं आणि वाढून घ्यायचं. लोक आले, टेबलाजवळ उभे राहिले, आणि उभेच राहिले. कोणी हात लावेना. आपल्या हातानं घ्यायचं म्हणजे मागून खाल्ल्यासारखं. वाढणारा नाही, 'अजून घ्या' म्हणणारा नाही. बायकांनी तर वरणभातावर नुसता हात फिरवला. सोमाजीचे व्याही मानी, ते अर्धपोटी उठले. सोमाजीनं ते पाहिलं.

चुका सांगायच्या बैठकीला तो आलाच नाही. कामाला यायचा, पण बाबूजींशी बोलायचा नाही. तेव्हा बाबूजी त्याच्या गावी गेले, त्याच्या ओसरीवर बसले आणि सोमाजीच्या बायकोला, गिरजाला म्हणाले, "भूक लागली." तिनं भाकर आणि अंबाडीची भाजी दिली. ते खात होते आणि ती सवयीनं वाढत होती, "घ्या न जी, एक घ्या, मले वापस न्याचं नाई." बाबूजी थांबले. म्हणाले, "गिरजाबाई, हेच चुकलं न!"

त्यानंतर आमच्या बफेत प्रत्येक गंजामागे एक बाई उभी असायची. तिचं काम वाढणं कमी, आग्रह करणं जास्त. पहिली बाई गिरजा. "घ्या न जी, मले वापस न्याचं नाई" हे तिचं वाक्य साऱ्या तालुक्याला पाठ झालं. बफे सगळ्यांकडेच आला होता, पण पोटभर जेवायचं तर आमच्याकडचा, अशी ख्याती झाली. सोमाजी बाबूजींशी पुन्हा बोलू लागला. व्याह्यांना मात्र त्यानं पुढं वेगळं जेवायला बोलावलं, आणि त्या दिवशी टेबल लावू दिलं नाही.

हे सगळं चांगल्या दिवसांतलं. मग हायवेला लॉन आली. लॉन म्हणजे चुन्यानं रंगवलेल्या भिंतीआड हिरवळ, पत्र्याचा उंच मांडव, आत खोल्या, बाहेर गाड्या लावायला जागा. सगळं एका जागी. पोरीच्या बापाला काही बघावं लागत नाही. मी स्वतः माझ्या पुतण्याचं लग्न लॉनवर केलं, मग दुसऱ्याला काय बोलणार?

आमच्याकडे उरल्या तेरव्या. तेरवी कोणी लॉनवर करत नाही. दिवसामागून दिवस पांढरं कापड न्यायचं, पांढरं आणायचं. त्याच सुमारास बाबूजींनी अंथरूण धरलं आणि ज्योती केंद्रात बसू लागली. ज्योती त्यांची एकुलती लेक, गावातच दिलेली. तिची आई कधीच गेली होती. तिला मी फ्रॉकमध्ये सतरंज्यांच्या ढिगावर झोपलेली पाहिलेली. आता ती मला हुकूम देणार हे पचायला वेळ लागला. ती मला 'काका' म्हणून हुकूम द्यायची, म्हणून पचलं.

एक दिवस आष्टीकडच्या एका गावातून साक्षगंधाची ऑर्डर आली. साक्षगंध म्हणजे साखरपुडा. किती तरी दिवसांनी आनंदाचं काम! आमची पोरं खुशीत ट्रक भरून पुढं गेली. मी, ज्योती आणि सोमाजी मागून पोचलो तर अंगणावर छत ताणून झालेलं. पांढरंशुभ्र. हातांना दुसऱ्या कापडाची सवयच राहिली नव्हती. कोणी विचार न करता तेच गठ्ठे भरले आणि तेच बांधले. मुलीची आजी बाहेर आली, वर पाहिलं, आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

"काऊन रे बाप्पा, माह्या नातीच्या डोक्यावर हे काऊन?"

परत कारंज्याला जाऊन लाल-पिवळं आणेपर्यंत पाहुणे येऊन जाणार होते. मी माफी मागू लागलो, तर ज्योती माझ्या पुढं होऊन आजीजवळ बसली. म्हणाली, "आजी, तुमच्या पेटीत लुगडी असन न? लगनातलं असन तर थे द्या. घरच्या साऱ्या बायकाइच्या साड्या द्या." बायका आधी बघत राहिल्या, मग घरात पळाल्या. आजीचं हिरवं लुगडं, आईचा शालू, काकूच्या, आत्याच्या, शेजारणींच्याही साड्या आल्या. सोमाजीनं खड्यांची पिशवी सोडली. एका साडीला टाचणी लागली नाही की भोक पडलं नाही. पांढरं उतरलं आणि त्या जागी त्या घरच्या बायकांचे सगळे सण एकमेकांना लागून ताणले गेले. आजी वर बघत म्हणाली, "हे माह्यं बोहल्यावरचं." मग नवरीला जवळ घेऊन तिनं ते बोटानं दाखवलं.

साक्षगंध उत्तम झालं. पण 'त्यांनी पांढरं बांधलं होतं' ही बातमी आमच्या ट्रकच्या आधी कारंज्याला पोचली. आम्हाला लोक 'मयतीवाले' म्हणू लागले. आनंदाच्या घरी आमचं नाव निघालं की बाया कानाला हात लावायच्या. तेव्हा हायवेवरचा एक लॉनवाला ज्योतीकडे आला. सगळं सामान घेतो, म्हणाला, तरणी पोरंही घेतो. बांबूचं काम त्याच्याकडे नव्हतं, म्हणजे सोमाजी नको. आणि नाही म्हणणारा माणूस कोणाला हवा असतो? म्हणजे मीही नको. ज्योती म्हणाली, विचार करून सांगते.

तिच्या डोक्यात मात्र त्या साड्या होत्या. ती एकदा बाबूजींच्या खाटेजवळ बसून सांगू लागली. लॉन मोठ्या लग्नांसाठी. लहान कार्यं, साक्षगंध, डोहाळजेवण, बारसं, हळद, ही घरीच होतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. एका अंगणापुरता घडीचा लोखंडी सांगाडा करायचा, तो छोट्या गाडीत बसेल, गल्लीत जाईल. छत त्या घरच्या साड्यांचं. आग्रह करायला गिरजाबाई. मी सवयीनं म्हटलं, "नाही. साडी फाटली तर? बायकाइचा जीव असते थ्यात."

बाबूजींचा आवाज खोल गेला होता. म्हणाले, "पुंडलिक बरोबर बोलून राह्यला. म्हनून पहिलं घरी कर."

सांगाडा झाला, केंद्राच्या भिंतीला टेकून उभा राहिला. पण कार्य कोणाच्याच घरी निघेना. माझी मुलं लग्न होऊन गेलेली, सोमाजीची गेलेली, तरण्या पोरांची ठरत नव्हती. वाट बघता बघता वैशाख आला, आणि बाबूजी गेले.

तेरवीच्या आदल्या दिवशी आम्ही बाबूजींच्या अंगणात पांढरं कापड काढून ठेवलं होतं. ज्योती आली, तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "हे नाई. सांगाडा काढा." मग घरातून तिनं आईची पेटी बाहेर आणली. शेजारच्या शकुनमामी, बाबूजींच्या बायकोच्या मैत्रीण, त्या म्हणाल्या, "पोरी, तेरवीले रंग?" ज्योती म्हणाली, "मामी, घरचं पहिलं कार्य हेच आहे. अन् वर आई आहे, मंग रंगाचं काय?" मामींनी पेटीचं झाकण उघडायला हात लावला. पेटीत बाबूजींनी जपून ठेवलेल्या साड्या होत्या. सोमाजीनं त्या हातात घेतल्या. एकेका कोपऱ्यात खडा ठेवताना तो त्याच्या बोलीत काही म्हणत होता. ते गाठीला नव्हतं, एवढं मला कळलं.

माणसं अपेक्षेपेक्षा फार आली. एका अंगणाचा सांगाडा पुरेना. ऊन तापलेलं. तेव्हा सोमाजीनं मामींच्या अंगणापर्यंत बांबू टाकले, सांगाड्याला जोडले, आणि मामींनीच आपल्या साड्या काढून दिल्या. मग पलीकडच्या घरानं दिल्या. छत एका दारातून दुसऱ्या दारात गेलं. लॉनवालाही जेवायला आला होता, वर बघत होता. ज्योती त्याच्याशी बाजूला जाऊन काहीतरी बोलली. काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. सोमाजी मला म्हणाला, "आज आपन मांडव लावून घेतला, बस. उद्यापासून कोठी जाशीन?" मी म्हटलं, "माहीत नाई." खरोखर माहीत नव्हतं. केंद्रावाचून मला काही येत नव्हतं, आणि या वयात ते बोलून दाखवायचीही लाज वाटत होती.

उन्हं कलल्यावर सामान उतरवून घड्या केल्या, साड्या पेटीत गेल्या. सगळे तिथंच अंगणात सतरंज्यांच्या वळकट्यांवर टेकलो, थकून, दुसरं काही कारण नव्हतं. गिरजानं चहा दिला. बाबूजी बसायचे तशी मधली वळकटी मोकळी राहिली होती, कोणी ठरवून नाही ठेवली.

ज्योती आली. तिनं त्या वळकटीकडे पाहिलं, तिच्यावर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "काय चुकलं?"

पहिले मी बोलायचं ही रीत, म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "बाबूजी नोहोते, हे चुकलं."

"थे सोडून सांगा, काका," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती खाली बघत नव्हती.

"पानी उशिरा आलं," मी म्हटलं. "म्हाताऱ्या मानसाइले आधी पानी पाहिजे."

मग गिरजा म्हणाली, तेरवीच्या घरी जोरात आग्रह बरा दिसत नाही, हळू म्हणायला पाहिजे. एक पोरगा म्हणाला, सांगाड्याचा एक पाय हलतो. सोमाजी सगळ्यात शेवटी बोलला. "बाईच्या लुगड्याले ऊन लागलं. रंग जाईन. वरतून साधं कापड पाहिजे, अन् खालून साडी." ज्योतीनं मान खाली घालून एकेक ऐकलं, अगदी तसंच. मी तिच्याकडे बघून तोंड दुसरीकडे फिरवलं.

चहा संपला. दुःखाचं घर, निरोप घ्यायचा नव्हता. आम्ही उठलो, मान हलवली आणि फाटकाकडे निघालो. सोमाजी पुढे, मी मागे.

"काका, सोमाजीदादा," मागून ज्योतीचा आवाज आला. "येजा."

शकुनमामी ओसरीवरून ओरडल्या, "अवं पोरी, आजच्या दिवशी असं म्हनत नाई!"

"पाहुन्याइले म्हनत नाई, मामी," ज्योती म्हणाली. "हे सकाळी कामावर येनार हायत."

दुसऱ्या दिवशी मी रोजच्यापेक्षा लवकर केंद्रात गेलो. सोमाजी माझ्याही आधी येऊन सांगाड्याच्या हलणाऱ्या पायाशी बसला होता.